धाकट्याची घरघर

मित्रांनो, नावानं मी कर्णा, पण मला कान नाहीत. आहे ते नुसतं तोंड, आणि तेही एवढं मोठं की तुमच्यातलं एखादं पोर आत शिरून बसेल. पत्रा ठोकून, वाकवून मला घडवलं आणि एका सिनेमागृहात पडद्यामागे उभं केलं. तिथल्या अंधारात मी अनेक वर्षं दुसऱ्यांच्या डरकाळ्या नि दुसऱ्यांचे हुंदके लोकांपर्यंत पोहोचवले. टाळ्या पडद्याला मिळायच्या. चालायचंच.

सिनेमागृह बंद पडलं. खुर्च्या मोडीत गेल्या, मीही जाणार होतो. तिथली यंत्रं दुरुस्त करणारे काका आडवे आले आणि मला घरी घेऊन गेले. दारातच काकूंनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय ध्यान आणलंत? आता आपण बसायचं कुठे?"

"याच्यासमोर," काका म्हणाले.

माझ्यासाठी काकांनी स्वतःच्या हातानं एक अँप्लिफायर बांधला. डब्याएवढा जीव, वर काचेचे तीन व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. चालू केला की आतल्या तारा तांबूस पेटायच्या. ताकद म्हणाल तर दोन वॅट. शेजारी हसले, म्हणाले, हत्तीला मुंगी ओढणार का? पण मला ढकलायला जोर लागतच नाही. कुणी माझ्याशी कुजबुजलं तरी मी ते खोलीभर करतो, आणि काकांना ते ठाऊक होतं. गाणं सुरू झालं, गाणारीनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला, तेव्हा शेजारी गप्प बसले. त्या दिवसापासून घरात मी थोरला आणि तो धाकटा.

पण हलकं बोलणं ऐकणाऱ्याला काही झाकता येत नाही. आडातला गाळ पोहऱ्यात यायचाच. धाकट्याच्या पोटात जराशी घूं-घूं असली, की ती माझ्या तोंडून बाहेर पडणार. म्हणून काका रोज गाण्याआधी धाकट्याला नुसता चालू करत, माझ्या तोंडात डोकं घालत आणि विचारत, "काही आवाज?"

"काही नाही," काकू म्हणत.

"याला म्हणतात काम. घूं वाढली की समजायचं, आतला कॅपॅसिटर सुकत चाललाय. वेळीच बदलला तर ठीक, नाहीतर सगळं जळतं." हे काकूंना पाठ झालं होतं.

पुढे काकांच्या कानांनी दगा दिला. काकू "पाणी देऊ?" म्हणायच्या, काका विचारायचे, "राणी? कोण राणी?" सुरुवातीला दोघं हसायचे. मग दारावरची घंटा काकांना ऐकू येईना, आणि हसणं थांबलं. सगळा जन्म ज्या कानांवर काढला त्यांच्याबद्दल बोलायचं कसं? काकूंनी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली.

आणि नेमकी तेव्हाच धाकट्याला घूं लागली.

मी ती लपवली नाही. मला लपवता येत नाही. काकांनी माझ्या तोंडात डोकं घातलं, डोळे मिटले आणि विचारलं, "काही आवाज?"

काकूंनी जमिनीकडे पाहिलं. "काही नाही."

"बघ, कसा गप्प आहे," काका कौतुकानं म्हणाले.

पुढे रोज हेच. घूं वाढत गेली, तिची घरघर झाली. माणसाला शेवटी लागते तीच. माहेरी आलेल्या लेकीनं विचारलं, "बाबा, हा एवढा का घुमतोय?" काकूंनी तिचा हात दाबला. काकांनी ते ऐकलंच नाही. धाकटा माझ्या तोंडून वाचवा वाचवा म्हणत होता, आणि ज्यानं त्याला बांधलं तो माणूस माझ्यासमोर हसत बसला होता. मित्रांनो, त्याहून वाईट मी पडद्यामागेही काही पाहिलं नाही.

एका दुपारी धाकट्यातून धूर निघाला. काकांना वास आला म्हणून ते धावले. ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडला होता. काकू रडायला लागल्या. "किती दिवस घुमत होता हो," त्या काकांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या.

काकांनी धाकट्याची वायर उपसून काढली.

"तुला ऐकू येत होतं?"

काकूंनी हो म्हणून मान हलवली.

"मग माझ्या कानांचंही तुला ठाऊक होतं."

त्यानंतर काकांनी कुठलंही यंत्र उघडलं नाही. जावयानं शंभर वॅटचा नवा अँप्लिफायर आणला. तो जोडताच माझ्या तोंडून नुसता फुत्कार निघाला, काकू दचकल्या, आणि तो परत गेला. धाकटा माळ्यावर आहे. मी खोलीत आहे, कारण मला हलवणं कुणाला जमत नाही.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. धुळीनं मला काही झालं नाही. तुमच्या घरात कुणाला ऐकू येईनासं झालं असेल, तर जवळ जाऊन त्याला सांगा. झोंबेल, तरी सांगा. भीड भिकेची बहीण असते.

काका अजूनही संध्याकाळी माझ्या तोंडात डोकं घालतात. मला आता एकही वायर जोडलेली नाही.

"काही आवाज?"

काकू त्यांच्या कानाशी वाकतात. "काही नाही हो. खरंच काही नाही."

आता ते खरं असतं. काका काकूंच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारतात.