सुई उचललेली जागा

टेक एक

दुसरं कडवं संपलं आणि आक्काने ड्रम थांबवले. गाणारा दादा आणि गिटारवाला झिंज्या मात्र तसेच ध्रुवपदात घुसले. गाणं तोंडावर आपटलं.

टेक दोन

पुन्हा तेच.

"आक्का, डुलकी लागली काय?" झिंज्याने विचारलं. त्याच्या डोक्यावरचे केस कधीच गेले होते, नाव मात्र बँडने शाबूत ठेवलं होतं.

"मी बरोबर आहे. घाई तुम्हाला झालीय."

मध्येच, काचेपलीकडून

रेकॉर्डिंगच्या यंत्रांसमोर दादाची सून बसली होती. "आत्या, या गाण्यापुरता मशीनचा ठेका लावू? तुम्ही जरा बसा."

दादाने बहिणीकडे पाहिलं नाही. म्हणजे सासरा-सुनेचं आधीच ठरलं होतं. आज या गाण्याला मशीन, उद्या अख्ख्या अल्बमला. आक्का काय ते समजली.

"लाव खुशाल. पण आधी मूळ गाणं ऐकव."

झिंज्या उडालाच. दुसऱ्यांचं गाणं करताना मूळ ऐकायचं नाही, आठवेल तसं वाजवायचं, हा बँडचा पहिल्यापासूनचा दंडक. घातला होता आक्कानेच.

मूळ गाणं

दुसरं कडवं. लगेच ध्रुवपद. मध्ये थांबणं नाहीच.

दादा खाकरला. "पटलं?"

आक्काच्या काठ्या मांडीवर होत्या, पण पाय हलत होता. त्या पायाकडे बघता बघता ती एकदम खो खो हसत सुटली.

"दादा, ही रेकॉर्ड घरी कोणी आणली?"

"मीच. हॉस्टेलला जायच्या आधी."

"तू गेलास आणि तिच्यावर ओरखडा पडला. दुसऱ्या कडव्यानंतर सुई अडकायची. आई भांडी टाकून ओल्या हातांनी धावत यायची, सुई उचलायची, पुढे ठेवायची. तोवर मी पायाने ठेका धरून बसायचे. अरे, ड्रम मी तिथेच शिकले!"

"म्हणजे चूकच की," झिंज्या पुटपुटला.

"असू दे चूक. मूळ हवं असेल त्याने मूळ ऐकावं. इथे आमच्या घरची रेकॉर्ड वाजणार. सूनबाई, ते मशीन राहू दे आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लाव."

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्याने मान डोलावली.

टेक तीन

"मी कधी शिरू?" दादाने विचारलं. इतक्या वर्षांत हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

"माझ्या हाताकडे बघ."

दुसरं कडवं संपलं. आक्काने काठी दोन बोटांत धरून अलगद उचलली,

 

 

आणि खाली टेकवली. दादा नेमका त्याच ठोक्यावर शिरला. झिंज्याही.

गाणं संपल्यावर काचेपलीकडून आवाज आला, "आत्या, मस्त! आणखी एक टेक घेऊन ठेवू? असू दे हाताशी."

"तो मशीनकडून घे," आक्का म्हणाली आणि चहाला उठली.