डोमकावळा कुणाचा?

नवऱ्याला छंद जरूर असावा, पण त्याच्या ढलप्या आपल्या कार्पेटवर नसाव्यात. २०२० च्या हिवाळ्यात, आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या आमच्या घरी, विक्रांतनं अलास्कातल्या वॉल्टर नावाच्या, तिथल्या त्लिंगित या मूळनिवासी जमातीच्या कारागिराकडे व्हिडिओवर लाकूडकाम शिकायला घेतलं. आमचे संध्याकाळचे सहा वाजले की तिकडे सकाळचे नऊ.

वॉल्टरचा हात मात्र बघत राहावा असा. वाकड्या सुरीनं तो पिकला आंबा सोलावा तसं लाकूड सोलायचा, आणि बघता बघता सपाट फळीत डोळा उघडायचा. मी कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहायचे.

फेब्रुवारीत विक्रांतनं गुपचूप कोरलेला डोमकावळा बाहेर काढला. नेटवर दिसलेल्या, त्लिंगितांच्या एका जुन्या कोरीव खांबावरून हुबेहूब उतरवलेला, दारावर लावायला. आमच्या घराण्याचे टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देव आणि पूर्वज, नागपूरला थोरल्या दिरांकडे, प्रकाशभाऊजींकडे असतात. ते इकडे आणू दिले नाहीत म्हणून विक्रांतनं दोन वर्षं दादाशी अबोला धरला होता. आपल्या दारावरही काहीतरी हवं, म्हणून हा कावळा.

वॉल्टर म्हणाला, "काम सुरेख झालंय. पण हा कुणाचा?"

"माझा. मीच केलाय."

"कोरलास तू. पण तो कावळा एका कुळाचा आहे. त्यात त्यांचे पूर्वज आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मीसुद्धा तो कोरत नाही."

मला राहवलं नाही. "अरे, म्हणजे लोकांच्या देवघरातला टाकच उचलून आणलास की तू!"

विक्रांतचा चेहरा पडला. त्यानं कावळा कापडात गुंडाळून बाजूला ठेवला आणि वॉल्टरला टाक म्हणजे काय ते सांगितलं. फोटो दाखवायला त्यानं फोन कॅमेऱ्यापुढे नेला, तशी वॉल्टरनं मान फिरवली आणि चष्मा काढून ठेवला.

"थांब. मी हे बघितलं तर चालेल का, ते कुणाला विचारायचं?"

सत्तरीचा एवढा मोठा कलावंत नुसत्या फोटोसाठी परवानगी मागत होता.

दुसऱ्या दिवशी विक्रांतनं नागपूरला फोन लावला. "दादा, मी बोलतोय. टाकांचा फोटो माझ्या गुरुजींना दाखवू का?"

पलीकडे प्रकाशभाऊजींनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मागत तर नेहमीच आलास रे बावा," ते म्हणाले. "विचारतोयस आज पहिल्यांदा. दाखव त्यांना. आणि तू कसा आहेस?"