अवलक्षणी हात

बतमाकान सुनेला नावानं कधीच हाक मारत नसे. चहा हवा असला की बोटातली चांदीची अंगठी प्याल्यावर आपटायची, टिणटिण, आणि सुयुमकाननं असेल तिथून धावत यायचं. चहा ओतायचा तोही मापात. मान द्यायचा तर प्याला अर्धाच भरायचा, पुन्हा पुन्हा. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे प्या आणि चालते व्हा. लग्न होऊन आली त्याच दिवशी सुयुमकानच्या हातून एका म्हाताऱ्या पाहुण्याचा प्याला जरा जास्त भरला, तर सासूनं भर बैठकीत तिच्या हातातली किटली हिसकावली. "हिच्या आईनं हिला नुसतं खायला शिकवलंय," म्हणाली. पाहुणे हसले. नवराही हसला. थंडी पडताच तो बांधकामावर रशियात गेला आणि घरात या दोघीच उरल्या.

वसंतात मेंढ्या गाभ टाकू लागल्या. आधी एक, मग तीन, मग अकरा. सुयुमकानला तेव्हा पाचवा महिना होता. अडलेली, मेलेली कोकरं ओढून काढायचं काम सासूनं तिच्याच गळ्यात घातलं. तिनं रबरी मोजे मागितले तर, "का गं, राणीचे हात आहेत का तुझे?" मग सुयुमकानला ताप येऊ लागला. संध्याकाळी सांधे ठणकायचे, अंथरूण घामानं भिजायचं. आणि एके दिवशी तिचीही कूस रिकामी झाली. मुलगा होता.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी मेंढ्यांनी गाभ टाकलाय का? एवढं सांगा, म्हणजे नेमकं औषध देता येईल." सुयुमकान तोंड उघडणार तोच सासू म्हणाली, "नाही." खरं सांगितलं तर सरकारी माणसं कळप मारून टाकतील ना! सून काय, एक गेली तर दुसरी आणता येते. परतीच्या गाडीत सासू एवढंच बोलली, "मेंढ्या निदान पुढच्या साली तरी वितील."

तेव्हापासून सुनेचे हात अवलक्षणी ठरले. दुधाला लावायचे नाहीत, मांसाला लावायचे नाहीत. शेण, राख आणि पाणी एवढंच तिच्या वाट्याचं. चहा तेवढा चालायचा, कारण उठून ओतायचा सासूला कंटाळा.

उन्हाळा सरता सरता लाल गाय कुरणात बसली ती उठेना. अंग फुगलेलं, नाकातून काळं रक्त. सुयुमकाननं पाहिलं आणि ओळखलं. तिच्या माहेरी गावाबाहेर तारेच्या कुंपणात एक खड्डा होता. त्यात चुना टाकून एकोणीस गाई पुरल्या होत्या, आणि त्यातली पहिली गाय कापणारा तिचा मामा कब्रस्तानात होता.

"एने," ती म्हणाली. सासूला ती एने म्हणायची. "कापू नका हिला. हिला काळपुळी झालीय, माणसालाही लागते ती. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, तशीच पुरू द्या."

"तशीच पुरू? धडधडीत हराम करू? धुगधुगी आहे तोवर सुरी फिरली तर मांस, नाहीतर माती. कादिरकुल! अरे मुडद्या, धाव लवकर!"

शेजारचा कादिरकुल सुरी घेऊन धावत आला. अल्लाचं नाव घेऊन त्यानं सुरी फिरवली. रक्त डांबरासारखं काळं आलं आणि जमिनीवर तसंच पातळ राहिलं.

"आजी, रक्त गोठत का नाहीये?"

"तुझी सुरी बोथट आहे म्हणून. काप गुमान."

"एने, माझं ऐका—"

बतमाकाननं तिच्या थोबाडीत दिली. "तो शब्द पुन्हा या घरात काढलास तर जीभ कापून कुत्र्याला घालीन. कोणी विचारलं, जनावर कापलंत का, तर काय सांगायचं?"

"नाही."

"अस्सं. आता लांब हो. तुझे हात नकोत माझ्या मांसाला."

मग कोपरापर्यंत बाह्या सारून म्हातारीनं स्वतः चरबी ओढली, काळीज काढलं. दुसऱ्या कुणावर तिचा विश्वासच नव्हता. हाडाची एक कपची मनगटाला लागली, आलेलं रक्त तिनं झग्याला पुसलं. अर्धा दिवस कढईत रटरटलेलं मांस सात घरांत वाटलं. खाणारे नशीबवान, कुणाला काही झालं नाही. सुयुमकानला हाडसुद्धा मिळालं नाही.

चार दिवसांनी जेवणाआधी ती सासूच्या हातावर झारीनं पाणी घालत होती. मनगटावर एक फोड होता. मधोमध कोळशासारखी खपली, भोवती पाणी भरलेल्या फोडांचं कडं.

"एने, कादिरकुलच्या अंगठ्यालाही हेच आलंय. त्यानं तालुक्याला जाऊन इंजेक्शनं घेतली. आपलं नाव नाही सांगितलं त्यानं. अंगठा सुकत आलाय. तुम्हीही—"

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेऊ? डास चावलाय. दुखतसुद्धा नाही." म्हातारीनं बाही खाली ओढली. "पाणी घाल."

सुयुमकाननं पाणी घातलं.

आणखी दोन दिवसांत हात खांद्यापर्यंत सुजला. अंग तापानं फणफणलं, आवाज बसला. खिडकीखालच्या गादीवर म्हातारी पडून राहिली आणि त्याच दुपारी फाटकाशी जीप थांबली. तीच डॉक्टरीणबाई होती. कादिरकुल मूग गिळून बसल्यामुळे ती घरोघर फिरत होती.

"तू होय! ताप गेला का गं तुझा?"

"येतो अजून."

"बरं, खरं सांग हं. तुमच्याकडे आजारी जनावर कापलंय का? कुणाच्या अंगावर काळी खपली? कुणाला काही करणार नाही मी. आज इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचेल, उद्याचं सांगता येत नाही."

खिडकीच्या काचेमागून टिणटिण ऐकू आलं. प्याला आणि अंगठी. सुयुमकाननं वळून पाहिलं. काचेमागे म्हातारीचे ओठ हलत होते. सांग, सांग, असं म्हणत होते. जन्मात पहिल्यांदा ती सुनेकडे काहीतरी मागत होती. कुत्रा भुंकत होता, त्यामुळे आवाज फाटकापर्यंत पोचेना.

"कोण आहे आत?"

"सासूबाई. चहा मागतायत."

"आणि जनावर?"

सुयुमकाननं चांगल्या सुनेसारखी मान खाली घातली. "नाही," ती म्हणाली.

जीप पुढच्या घराकडे वळली. सुयुमकान धूळ बसेपर्यंत उभी राहिली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. मूल गेल्यापासून इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

मग ती आत गेली, गादीशी गुडघे टेकून बसली आणि किटली उचलली. म्हातारीचे डोळे प्याल्यावर खिळले होते. अर्ध्यावर सुयुमकानचा हात थांबला नाही. तिनं प्याला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी, अदबीनं, सासूपुढे धरला.