एका फळीचं टेबल

मेहिटेबलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला मधोमध फट होती. मक्याच्या भाकरीचा चुरा तिच्यात जायचा, चुऱ्यामागून मुंग्या यायच्या, आणि चाकूच्या टोकाने फट उकरत ती नवऱ्याला म्हणायची, "एका फळीचं टेबल करून देणार होतात ना?"

"देईन की. राजाला विचारून देईन," जोथम म्हणायचा.

ही थट्टा त्यांच्या लग्नाइतकीच जुनी होती. साको नदीवर जोथमची पाण्यावर चालणारी करवतीची गिरणी होती आणि परसात पांढऱ्या पाइनचं एक थोराड झाड. लग्न झाल्या झाल्या त्याने तिला त्या झाडाखाली उभं करून टेबलाचं वचन दिलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाचा माणूस आला आणि बुंध्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालून कावळ्याच्या पायासारखी खूण करून गेला. दोन फुटांहून जाड पाइन राजाच्या जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी. इतरांनी तोडलं तर दंड.

लोक तोडायचेच. फक्त फळ्या दोन फुटांच्या आत छाटायचे, म्हणजे झाड किती जाड होतं ते फळीवरून कळू नये. नदीकाठच्या एकाही घरात रुंद फळी नव्हती. पण दारातलं, खूण केलेलं झाड कुठे लपवणार? ते उभंच राहिलं.

मग चहावरच्या करावरून वाद पेटला, लेक्सिंग्टनला गोळ्या झाडल्या गेल्या, किनाऱ्यावरचं फालमथ गाव राजाच्या जहाजांनी जाळलं. आणि एका उन्हाळी रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाबांनी फिलाडेल्फियाहून आलेला मजकूर वाचून दाखवला. अमेरिकेतल्या वसाहती आता स्वतंत्र होत्या. राजा आपला नव्हता.

बाहेर पडताच मेहिटेबलने नवऱ्याचं कोपर धरलं. "आता?"

"थंडीत. आत्ता खोडात रस चढलाय. फळीवर निळे डाग पडतील."

"अहो, तोवर राजा परत आला तर?"

"तर त्याला जेवायला बसवू. जुन्याच टेबलावर."

ती हसली नाही. तिला राजाची एवढी काळजी नव्हती. त्या वर्षापासून जोथमचा उजवा हात थरथरू लागला होता. कपातला, चहाऐवजी घेतलेला रासबेरीच्या पाल्याचा काढा हिंदकळायचा आणि दोघंही तिकडे न पाहिल्यासारखं करायचे. टेबल दुसऱ्या कुणी केलेलं तिला नको होतं.

बर्फ पडल्यावर झाड पाडलं. फांद्यांचा जाड बिछाना घातल्यामुळे खोड तडकलं नाही. वसंतात नदीला पाणी आलं, गिरणी सुरू झाली, आणि एका संध्याकाळी जोथम आणि त्याचा भागीदार एलिफलेट बैलगाडीवर फळी घेऊन आले.

मेहिटेबलने फळीवर आडवा हात ठेवला. कोपर एका कडेला, आणि बोटांच्या पुढे उरली जेमतेम चार बोटं जागा.

"एवढीच?"

जोथमने फळीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मी सवयीनं दोन फुटांच्या आत दोरीनं सूत मारलं... आणि छाटली."

"वहिनी, मी शेजारीच होतो," एलिफलेट डोकं खाजवत म्हणाला. "मलाही काही खटकलं नाही. राजा गेला तरी आम्ही दोघं त्याच्याच भीतीनं कापतोय."

"सगळ्या छाटल्या?"

"ही एकच. बाकीचं खोड उद्या."

जोथम ओंडक्यावर बसला. "हात ऐकत नाहीत, हिटी. एक थरथरतो, आणि दुसरा अजून राजाचा."

"उद्या मी येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी करवतीतून खोडाच्या मधली फळी निघाली, दोन्ही कडांना साल असलेली. जोथमचा हात आपोआप खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी होती.

"सूत कुठंय?"

"नदीत."

"हिटी! नवीन होतं ते!"

"एलिफलेटभावजी, यांच्या हाती दुसरी दोरी लागू देऊ नका," असं म्हणत ती फळीवर आडवी पडली आणि तिने दोन्ही कोपरं पसरली. साल तरीही दोन्हीकडे बाहेर उरली. "आता छाटा!"

एलिफलेटला इतकं हसू आलं की पाण्याचं दार बंद करायचं तो विसरला, आणि करवत रिकामीच वरखाली होत राहिली. जोथम मात्र फळीवर पसरलेल्या बायकोकडे बघत उभा होता. मग त्याने हळूच तिच्या केसांतला भुसा काढला.

फळी वाळायला वर्ष गेलं. टेबल जोथमनेच केलं. हात थांबेपर्यंत थांबायचं, मग एक खिळा ठोकायचा. एक पाय किंचित आखूड झाला. त्याखाली चपटी लाकडाची चीप आली. छाटलेल्या फळीचं बाक झालं.

पहिल्या रात्री दोघं समोरासमोर बसली. घेवड्याची उसळ होती, भाकर होती, आणि टेबल असं रुंद की जोथमने हात लांबवला तरी मिठाच्या वाडग्यापर्यंत पोचेना.

"राजाच्या वेळी मीठ हाताशी असायचं," तो कुरकुरला.

मेहिटेबलने वाडगा उचलला, टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या बाकापाशी उभी राहिली.

"सरका तिकडे," ती म्हणाली.