बशीतला सावलीचा रंग

मी एक जुनी बशी आहे. पांढरी, कडेला टवका उडालेली. मित्रांनो, बशीने कसली जीवनकथा सांगायची, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्यात चहा कमी आणि रंगच जास्त सांडले आहेत, म्हणून जरा ऐका.

मी मूळची मातीची. भट्टीत भाजले, चकचकीत झाले आणि एका कपाशी जोडी जमून एका शिंप्याच्या घरी आले. थोड्याच दिवसांत शिंपीकाकांच्या हातून कप फुटला. कपाविना बशीला कोण विचारतो? पण काकूंनी मला कचऱ्यात जाऊ दिले नाही. काकू मुलांच्या पुस्तकांसाठी जलरंगात चित्रे काढत आणि त्यांना रंग कालवायला पांढरे, सपाट भांडे हवेच होते. तिथून माझे नशीब उघडले. पुस्तकातला हत्ती, आगबोट, छत्री घेतलेली मांजर, सगळे आधी माझ्यात कालवले गेले. मुले त्या चित्रांवर बोट ठेवून गोष्ट वाचत. माझे नाव कुठे छापले नाही, पण मला ठाऊक आहे ना.

काकूंना काही सुचेनासे झाले, की त्या कपाळाला हात लावून बसत नसत. टेबलावर जे असेल ते काढत. कात्री, लसणाचा गड्डा, काकांचा चष्मा. "समोरचं जमलं की लांबचं आपोआप येतं," असे त्या म्हणत. सावलीला त्या निळ्यात थोडा तपकिरी मिसळून रंग करीत. शिवणयंत्रावरून मान वर करून काका विचारायचे, की एवढा खटाटोप कशाला, सावली काळीच तर असते.

"काळी नसते हो. एकदा नीट बघा तरी."

काका हसून पुन्हा यंत्र चालवायला लागत. बघायचे राहूनच गेले.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांनी शेवटचा कालवलेला सावलीचा रंग माझ्यात तसाच वाळला.

काकांचे कामावरून मन उडाले. घर खायला उठू लागले. एका दुपारी त्यांनी काकूंचा कुंचला हातात घेतला. जन्मात कधी चित्र काढले नव्हते, पण सुरुवात केली ती थेट डोंगर आणि सूर्योदयापासून. शिंप्याचा हात तो! डोंगर इस्त्री फिरवल्यासारखे सरळ आले. सावल्यांना त्यांनी काळा रंग फासला, त्यामुळे प्रत्येक झाडाखाली डांबर सांडल्यासारखे दिसे. कागदामागून कागद फुकट गेले. आणि रंग ते कालवत कशात, तर डब्याच्या झाकणात. मला पाण्याचा थेंब लागू देत नसत. माझ्यावरची धूळ मात्र रोज फुंकून काढत.

एक दिवस त्यांची मेहुणी घर आवरायला आली. तिने भांड्यांबरोबर मलाही उचलले आणि नळ सोडला. घासणी माझ्या कडेला टेकली, तेवढ्यात काका दारात आले.

"ती बशी ठेव."

आवाज मोठा नव्हता, पण तिचा हात थांबला. काकांनी अडखळत सांगितले, की काकूंच्या हातचे एवढेच उरले आहे. ओले केले तर तेही जाईल. मेहुणीने नळ बंद केला, हात पुसले.

"दाजी, रंग काय दागिना आहे का, कपाटात ठेवायला? वाळलेल्या रंगावर थेंब टाकून ताई पुन्हा कामाला लागायची. हे मला कौतुकानं कोण सांगायचं? तुम्हीच ना?"

काकांनी मला तिच्या हातून घेतले. ती गेल्यावर बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसले. दारातून तिरपे ऊन आत आले होते. उंबऱ्यापाशी काकूंच्या चपला होत्या. त्या कुणी हलवल्या नव्हत्या. चपलांची सावली फरशीवर पडली होती आणि काका पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा तिकडे. रंग तोच होता.

त्यांनी कुंचल्याने माझ्यावर थेंब सोडला. रंग लगेच जागा झाला.

त्या दिवशी काकांनी डोंगर काढला नाही, चपला काढल्या. एकीची सावली पुरी झाली आणि माझ्यातला रंग संपला. कुंचला माझ्या तळावर कोरडाच फिरला. आता हे थांबणार, असे मला वाटले. पण काकांनी निळा घेतला, तपकिरी घेतला आणि माझ्यातच कालवला. आधी चिखल झाला. मग फारच निळा झाला. मग जमला, जवळजवळ.

पुढच्या वेळी मेहुणीने चित्र हातात घेतले, लांब धरले, जवळ आणले.

"एक सावली जास्त गडद झालीय."

"ती माझी," काका म्हणाले. "दुसरी तुझ्या ताईची."

तिने भांडी घासली. मला तेवढे वगळले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी कुंचला, कात्री नाहीतर टवका उडालेली बशी असेल. ती टाकू नका. पण नुसती जपूनही ठेवू नका. वापरा. आम्हाला कामाला लावणे हीच आमची खरी निगा. आणि चित्र काय काढावे, असा प्रश्न पडला, तर आधी उंबऱ्यापाशी बघा.

आज काका कात्री काढायला बसले आहेत. माझ्यात पाणी पडले आहे.