बनियनने प्यायलेलं औषध
चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती भिंगाची कड घासत होती, तेवढ्यात मोबाइल थरथरला. अप्पांची साखर तीनशे बारा, आणि बाण वर.

तिचे वडील, अप्पा, गावी आठ तासांच्या अंतरावर एकटे राहत. जन्मभर ट्रकांची इंजिनं उघडलेला माणूस. पण मधुमेहाने आधी बोटांची जाणीव नेली, मग नजर अधू केली. म्हणून तर आई गेल्यावर तिने हट्टाने त्यांना तो पंप लावून घेतला होता. दंडावरचा सेन्सर साखर मोजणार, पोटावरचा पंप आपणहून इन्सुलिन सोडणार, आणि आकडा तिला इथे दिसणार.

"अप्पा, काय खाल्लंत?" तिने फोन लावून विचारलं.

"काही नाही गं. नुसती कोरड पडलीय तोंडाला. मशीन करतंय की त्याचं काम."

तीनशे चाळीस.

"पंपाला हात लावून बघा बरं."

बराच वेळ नुसती सळसळ.

"बनियन ओलं लागतंय. आणि हे चिकटवलेलं लोंबतंय." मग हसले. "बनियनची साखर मात्र उतरली असेल हं."

तिला हसू येईना; पंप सुटला होता, इन्सुलिन अंगात जातच नव्हतं. अप्पांच्या शेजारच्या काकूंचा फोन लागेना. तिने अप्पांना पंप काढून ठेवायला लावला, इन्सुलिनचं पेन शोधायला लावलं. अशा वेळेसाठी डॉक्टरांनी सहा युनिट सांगून ठेवले होते.

"पेन फोनजवळ धरा. हळू फिरवा, एक टिक म्हणजे एक युनिट, मी मोजते."

टिक. टिक. टिक. बाहेर मालकाने तिला हाक मारली.

"थांबा! किती झाले?"

"मला दिसतंय का? तूच मोजत होतीस ना?"

"उलटं फिरवा, अडेल तिथवर. पुन्हा पहिल्यापासून."

या खेपेला तिने सहा ऐकले. बहुतेक सहाच.

"दाबलं," अप्पा म्हणाले. "पूर्ण गेलं का, ते अंगठ्याला कळत नाही बघ."

पुढे करण्यासारखं काहीच नव्हतं. तीनशे छप्पन. तीनशे एकसष्ट. घासलेलं भिंग हातात तसंच. तासाभराने बाण आडवा झाला, मग सावकाश खाली वळला. नंतर काकूंचा फोन लागला, आणि त्यांनी येऊन अप्पांना पंपाचा नवा संच लावून दिला.

"अप्पा, इकडेच या ना राहायला."

"इथलं सगळं हाताच्या सवयीचं आहे गं. तिथे मला न्हाणीघरसुद्धा सापडायचं नाही."

तिने आकडा दिसेल असा मोबाइल समोर ठेवला आणि भिंगाची कड पुन्हा घासायला घेतली.