स्प्रिंगांची डबी

शेवटच्या सकाळी किल्लीमास्तर आणि त्यांच्या मुलीत वाजलं ते एका डबीवरून.

डबी पत्र्याची, बोटाएवढी. पूर्वी तिच्यात कुलपांच्या बारीक स्प्रिंगा असायच्या. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीत कळ आली की जिभेखाली धरायच्या गोळ्या दिल्या, तेव्हा मास्तरांनी स्प्रिंगा बरणीत ओतल्या, गोळ्या डबीत भरल्या आणि डबी शर्टाच्या खिशात टाकली. झाकणावरची चिठ्ठी तशीच राहिली: ‘बारीक स्प्रिंगा’.

“बाबा, ती चिठ्ठी बदला हो. एखाद्या दिवशी गोळी कुलपात घालून बसाल.”

“मग त्या कुलपाला तरी छातीचा त्रास व्हायचा नाही.” मास्तर पेपरातून मान वर न करता म्हणाले. “आणि तू दिवसभर लोकांच्या चुका काढतेसच ना? घरी तरी सुट्टी घे.”

ती शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. एखादा काना सुटला तर तिला जेवताना खडा लागल्यासारखं व्हायचं. चहाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा पुरता वाचून झाल्याशिवाय आपली लेक आधण ठेवत नाही, असं मास्तर गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे. पण ती चिठ्ठी काही तिनंही बदलली नाही. आज करू, उद्या करू.

तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. दहा मिनिटं येऊन जा म्हणाले.

मास्तरांना ठाणं नवं नव्हतं. वीस वर्षं पोलीस झडतीला निघाले की बंद दार उघडायला त्यांनाच न्यायचे. त्यांची एक रीत होती. घर रिकामं आहे हे ठाऊक असलं तरी ते आधी दार वाजवायचे, स्वतःचं नाव सांगायचे, मनात वीस आकडे मोजायचे आणि मगच कुलपाला हात लावायचे. शिपाई हसायचे. “मास्तर, आत कोण आहे ऐकायला?” “घर आहे ना,” मास्तर म्हणायचे.

आठ दिवसांपूर्वी त्यांनी असंच शिकवण्या घेणाऱ्या एका सरांच्या खोलीचं दार उघडलं होतं. टेबलाचा खणही त्यांनीच उघडला. आत चष्म्याचं घर, खडूचे तुकडे आणि एक मोडका कंपास. दोन दिवसांनी ठाण्यातून कागद आला, साक्षीदार म्हणून सहीसाठी. मास्तर कुठलाही कागद मोठ्यानं वाचत. दुकानात उभ्या उभ्या त्यांनी तोही वाचला. खणात नशेच्या पावडरीची पुडी मिळाली, असं त्यात होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत दिला. “खण मी उघडला. पुडी नव्हती.”

आता त्याचसाठी बोलावणं होतं.

“मी काय म्हणतो,” मास्तर म्हणाले, “वरच्या मजल्यावरच्या वकिलांना घेऊनच जावं. दोनपर्यंत येतात ते कोर्टातून.”

मुलगी चपला घालत होती. तिला उशीर झाला होता. “वकील कशाला, बाबा? वकील घेऊन गेलं की उगाच वाटतं, यांनी काहीतरी केलंय. पोलीस आहेत ते, चोर आहेत का? खरं ते सांगा आणि या.”

मास्तरांनी पेपरची घडी घातली. “तेही खरंच,” म्हणाले. शर्ट बदलला. जुन्या खिशातली डबी आठवणीनं नव्या खिशात ठेवली, अवजारांची पिशवी खांद्याला लावली, कारण ठाण्यातून पुढे दुकानातच जायचं होतं. निघताना त्यांनी उघड्याच दारावर दोनदा टकटक केलं, ती त्यांची निरोप घ्यायची पद्धत. ती चपलेचा पट्टा लावत होती. तिनं वर पाहिलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता छापखान्यात फोन आला.

दवाखान्यात ठाण्याचे साहेब स्वतः उभे होते. टोपी हातात, डोळे खरोखरच ओले. “ताई, आईशप्पथ सांगतो, कुणी बोटसुद्धा लावलं नाही त्यांना. बाकावर बसले होते. बसल्या बसल्या गेले.” त्यांनी गाडीची सोय केली, पाण्याची बाटली दिली, एक फाइल पुढे धरली. “इथे, इथे आणि इथे.” तिनं इथे, इथे आणि इथे सही केली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं न वाचता कागद परत दिला.

नातेवाईक आले, राहिले, गेले. प्रत्येकानं विचारलं, एकटे का गेले होते? ती म्हणायची, “गेले आपले.” वरचे वकीलही येऊन बसले. “मला एक फोन करायचा की,” एवढंच म्हणाले. तिनं त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

पंधरा दिवसांनी तिनं ठाण्यातून आलेली, लाखेनं बंद केलेली पिशवी उघडली. सोबत यादी होती. पक्कड एक. कानस दोन. वाकवलेल्या तारा पाच. पत्र्याची डबी एक, आत कुलपाच्या स्प्रिंगा. वर जमा केल्याची वेळ: सकाळी नऊ पन्नास. खाली तिची सही.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग डबी उघडली. बाबा गेले त्याच्या आदल्या रविवारी तिनंच आठ गोळ्या भरल्या होत्या. आठ होत्या.

त्याच आठवड्यात एक तरुण बाई दारात आली. साधे कपडे, पण उभं राहणं गणवेशातलं. “मी ठाण्यात शिपाई आहे,” ती म्हणाली. “बसू का?” बसली मात्र नाही.

“आत जाताना अवजारं टेबलावर ठेवायला लावतात. तार, पक्कड, काही नेता येत नाही. हवालदारसाहेबांनी खिसेही रिकामे करायला लावले. डबीवर लिहिलं होतं तसं त्यांनी यादीत उतरवलं.”

“बाबांनी सांगितलं नाही?”

“सांगितलं ना. हसून म्हणाले, अहो त्यात स्प्रिंगा नाहीत, माझ्या गोळ्या आहेत. तर हवालदारसाहेब म्हणाले, मास्तर, सही करा, सगळं सामान घेऊन घरी जा. तेव्हा सगळेच हसले. मीपण.” तिनं मागे दाराकडे पाहिलं. “दुपारी मास्तरांनी डबी परत मागितली. तेव्हा ते हसत नव्हते.”

“मग?”

“हवालदारसाहेब म्हणाले, साहेब आल्यावर बघू. साहेब पाचला आले.”

“तुम्ही उचलून द्यायची होती.”

“हातभर अंतरावर होती.” तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “नोकरीला लागून आठ महिने झालेत, ताई. आईला सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, त्यांच्या घरी जाऊन सांग.”

“ठाण्यात माणूस गेला म्हणून चौकशी व्हायची आहे. तिथे हे सांगाल?”

“तुमची तक्रार नाही असं तुम्हीच लिहून दिलंय. तुम्ही बोललात तर मला विचारतील. विचारलं तर सांगेन. आपण होऊन सांगायची माझी छाती नाही.”

चौकशीच्या अधिकाऱ्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडंच होतं. तरी तिनं टकटक केलं, नाव सांगितलं आणि उभी राहिली. एकोणीस, वीस. मग आत गेली.

अधिकारी वयस्कर होते, आवाज मऊ. शेजारी लिहून घेणारा कारकून. “बसा. तुम्हाला फार त्रास देणार नाही. मृत्यूबद्दल तक्रार वा संशय नाही, असं तुम्ही लिहून दिलंय. ही सही तुमचीच ना?”

“सही माझी. मजकूर वाचलेला नव्हता.”

“तुमचा तर वाचण्याचाच व्यवसाय आहे.”

“हो.”

त्यांनी चष्मा काढला. तिनं यादी आणि डबी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि आठ गोळ्या दाखवल्या. नऊ पन्नासपासून काय काय झालं ते सांगितलं, कुणाला विचारावं तेही सांगितलं. कारकुनाचं पेन थांबलं. अधिकाऱ्यांनी त्याला लिहायची खूण केली.

“पण त्यांना अटक नव्हती,” ते म्हणाले. “नुसतं बोलावलं होतं. वाटलं असतं तर ते उठून जाऊ शकले असते.”

“असं त्यांना कुणी सांगितलं होतं?”

त्यांनी समोरचे कागद उलटून पाहिले. “मारहाण नाही. शिवीगाळ नाही. डॉक्टरांचा अहवाल स्वच्छ आहे.”

“तेच तर म्हणतेय मी. नुसतं बसवून ठेवलं. साडेसहा तास, जीव जाईपर्यंत. एका सहीसाठी.”

“हं.” खरोखर कुतूहल वाटल्यासारखं त्यांनी विचारलं, “तुमच्या वरच्या मजल्यावरच वकील राहतात, असं दिसतं इथे. तुमचे वडील म्हणजे जुना माणूस, ठाण्याची रीत माहीत असलेला. त्यांनी वकिलांना सोबत का नेलं नाही?”

गेले आपले, हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. चाळीस वेळा दिलेलं, गुळगुळीत झालेलं. टेबलावरच्या डबीची चिठ्ठी एका कोपऱ्यात उचकटली होती. तिनं ती बोटानं दाबून बसवली.

“लिहून घ्या,” ती कारकुनाला म्हणाली. “झालं की मोठ्यानं वाचून दाखवा, मग सही करीन.” आणि अधिकाऱ्यांकडे वळून, त्या दाराबाहेरही ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली, “बाबा थांबणार होते. वकिलांना घेऊनच जाणार होते. मी नको म्हटलं. मीच पाठवलं त्यांना एकट्याला. कारण माझा तुमच्यावर विश्वास होता.”